टॉवेल गुंडाळलेली लाठी

मराठी बातमीत 'सौम्य' आणि 'लाठीमार' हे शब्द जोडीनेच येतात. विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, रेटारेटी झाली, की दुसऱ्या दिवशीच्या अंकात पोलिसांनी सौम्य लाठीमार केलेला असतो. पाठीवर वळ उठलेला मुलगा ती बातमी वाचतो तेव्हा त्याला आधी 'सौम्य' हाच शब्द टोचतो. या शब्दाचं चित्र काढायचं झालं तर सोलापूरच्या माणसाला वस्तू शोधत फार लांब जावं लागत नाही. ती घरोघरी दोरीवर वाळत असते. मुठीपासून टोकापर्यंत टेरी टॉवेल गुंडाळलेली लाठी काढायची, टॉवेलच्या दशा लोंबत्या ठेवायच्या, कडेला कारखान्याचं लेबल शिवल्यासारखं दाखवायचं, त्यावर 'सोलापुरी, १०० टक्के सुती'. खाली एकच शब्द: सौम्य.

या चित्रात माणूस नाही, पोलिसाचा चेहरा नाही, पोट नाही, मिशा नाहीत. आहे ती फक्त एक वस्तू आणि तिच्यावर पांघरलेला एक शब्द. आंदोलन आणि बंदोबस्त यांवरचं चांगलं व्यंगचित्र असंच असतं असं माझं ठाम मत आहे. ते कृतीवर नेम धरतं, कृती झाकणाऱ्या भाषेवर धरतं, आणि तपशील अचूक ठेवतं.

तपशिलाची ताकद पाहायची तर २०११ सालचं एक छायाचित्र आठवावं. १८ नोव्हेंबर २०११, कॅलिफोर्निया विद्यापीठाचं डेव्हिस इथलं आवार. फीवाढीच्या विरोधात आणि आर्थिक विषमतेविरुद्धच्या 'ऑक्युपाय' चळवळीच्या पाठिंब्याला विद्यार्थी हातात हात गुंफून फरसबंदीवर बसले होते. विद्यापीठाच्या पोलिसांपैकी एक लेफ्टनंट मिरीपूड फवाऱ्याचा डबा घेऊन त्या रांगेसमोरून चालत गेला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोंडांवर फवारत गेला. फवाऱ्याइतकीच लोकांच्या मनात रुतली ती त्याची ढब. खांदे सैल, हात अर्धवट पुढे, पावलं सावकाश. सांगोला-पंढरपूर भागात डाळिंबावर तेल्या पडला की शेतकरी ओळीओळीने ज्या शांतपणे फवारणी करत जातो, तीच ही ढब. फरक इतकाच, की शेतकरी तोंडाला फडकं बांधतो आणि झाडाला जपतो.

दोन-चार दिवसांत लोकांनी त्या आकृतीला छायाचित्रातून कापून काढलं आणि जगातल्या ओळखीच्या चित्रांत नेऊन ठेवलं. नदीकाठी रविवारची दुपार घालवणाऱ्या लोकांचं फ्रेंच चित्रकार सरा याचं चित्र आहे, त्यात तो हिरवळीवरच्या बायाबापड्यांवर फवारतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं ट्रंबुलचं चित्र आहे, त्यात तो थेट जाहीरनाम्यावरच फवारतो. ॲमेझॉनवर त्याच जातीच्या फवाऱ्याच्या डब्याखाली लोकांनी घरगुती वापराच्या वस्तूसारखे अभिप्राय लिहिले. हे सगळं साधलं, कारण कापून काढलेली आकृती पूर्ण होती, बाजूने दिसत होती, तिच्या कडा स्पष्ट होत्या आणि ढब कुठल्याही पार्श्वभूमीवर तीच राहत होती. विडंबनासाठी चित्र निवडताना हे चार गुण तपासावेत. समोरून घेतलेलं, गर्दीत अर्धं झाकलेलं छायाचित्र कितीही भयंकर असलं तरी कात्रीत टिकत नाही.

पुढचे आकडेही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एप्रिल २०१२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या समितीचा अहवाल आला. वापरलेला डबा त्या पोलीस दलाला मंजूर नव्हता, त्याचं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं, आणि तो किमान ६ फुटांवरून मारायचा असताना त्याहून जवळून मारला गेला, असं त्यात नोंदलं आहे. त्याच वर्षी विद्यापीठाने सुमारे १० लाख डॉलरची तडजोड केली. २१ जणांना प्रत्येकी ३० हजार डॉलर मिळाले. २०१६ मध्ये उघड झालं, की इंटरनेटवरून या घटनेच्या खुणा मागे ढकलण्यासाठी विद्यापीठाने सल्लागारांवर किमान १ लाख ७५ हजार डॉलर खर्च केले होते. त्या बातमीने ते चित्र पुन्हा सगळीकडे पसरलं.

त्या घटनेच्या दुसऱ्या रात्री मात्र विद्यार्थ्यांनी विनोदाला हातही लावला नाही. कुलगुरू इमारतीतून बाहेर पडल्या तेव्हा शेकडो मुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर बसून होती, पूर्ण गप्प. गाडीपर्यंत फक्त बुटांचा आवाज येत होता. थट्टा कधी थांबवायची हे ज्यांना कळतं, त्यांच्या थट्टेला वजन येतं.

सोलापुरात हे सगळं करायचं तर पहिली अडचण भाषेची. हे शहर चार भाषांत जगतं. पूर्व भागात पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या वाटेला कन्नड, मोहल्ल्यांत दखनी उर्दू, आणि सगळ्यांच्या वर मराठी. मराठीतली कोटी आंदोलनाला पूनम गेटपाशी उभ्या असलेल्या शंभरातल्या पन्नास जणांना लागते. बाकीचे शेजाऱ्याचं तोंड बघून हसतात. 'लाठी' आणि 'साठी' असं यमक जुळवून केलेला फलक तेलुगू आजीला काहीच सांगत नाही. तिने मात्र आयुष्यभर टॉवेल विणलेत, निदान दशा वळल्यात. गुंडाळलेली लाठी तिला क्षणात कळते. म्हणून इथे आधी चित्र, मग शब्द. आणि शब्द झाकला तरी चित्र बोललं पाहिजे. काढून झालं की खालची ओळ हाताने झाकून मराठी न वाचणाऱ्या एखाद्याला दाखवावं. तो तीन सेकंदांत हसला नाही तर चित्र पुन्हा काढावं.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती नीट समजून घेतलेली बरी. सोलापूर शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली आदेश काढतात. सण, निवडणूक, आंदोलनं, काहीही निमित्त असतं. पोटकलम (३) जमावबंदीचं. आदेशात सहसा पाच किंवा अधिक माणसांचा उल्लेख असतो, आणि राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय तो १५ दिवसांपलीकडे चालत नाही. पण चित्रकाराने वाचायचं ते पोटकलम (१). त्यात शस्त्रांबरोबर काठ्या आहेत, पुतळे आणि प्रतिमांचं प्रदर्शन आहे, आणि सभ्यतेला किंवा राज्याच्या सुरक्षिततेला बाधक वाटतील असे हावभाव, नकला, चित्रं, चिन्हं, फलक हेही आहेत. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना नकलेची ताकद पुरेपूर ठाऊक होती.

यातून रोजच्या कामाच्या गोष्टी निघतात. फलकाला बांबू लावू नये. आदेश लागू असेल तर ती 'काठी' ठरते आणि फलकासकट जाते. कापडाचे तागे गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या यंत्रमागाच्या गावात हव्या तितक्या मिळतात. तीन फुटांची नळी, वरच्या टोकाला उभा काप, त्यात पाच पदरी खोक्याचा पुठ्ठा खोचून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी. वजनाला हलकी, कुणाला लागली तरी इजा नाही. पाऊस आला तर ती मऊ पडते, म्हणून खालच्या टोकाला वीतभर प्लास्टिक गुंडाळावं.

पथनाट्यात पोलीस दाखवायचा असेल तर खरा खाकी गणवेश घालू नये. फसवण्याच्या इराद्याने सरकारी नोकराचा वेश घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. नाटकात तो इरादा नसतो हे खरं, पण रस्त्यावर गोंधळ झाला तर ते समजावत बसायला वेळ कुणाला? शिवाय खोटा गणवेशच जास्त बोलतो. खांद्यावरून तिरका घेतलेला नॅपकिन म्हणजे पट्टा, छातीवर लावलेलं कपड्याचं लेबल म्हणजे बिल्ला, हातात सूप म्हणजे ढाल. सूप खास, कारण ढालीमागे लपलेला नट मध्येच ते आडवं धरून पाखडायला लागला की सगळी बाजारपेठ ओळखते. आपल्या वगातला हवालदार असाच, दोन खुणांवर उभा राहतो. पाच ते सात नट, बारा ते पंधरा मिनिटं, एक हलगी. माईकशिवाय आवाज साठ-सत्तर माणसांच्या कड्यापर्यंत पोचतो. कडं त्याहून मोठं झालं तर मागचे लोक रेटायला लागतात आणि तिथूनच गडबड सुरू होते. पुढच्या दोन ओळी खाली बसवल्या की हा प्रश्न निम्मा सुटतो.

आंदोलनाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांच्या घरी येणारी नोटीस हा तर विडंबनाचा जुना खजिना आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेची '१४९ ची नोटीस' होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८. तिची भाषा, 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल' या चालीची, मुलांना पाठ झालेली असते. सरकारी कागदाची चाल उचलून आपलं म्हणणं सांगायची रीत मराठीत चारशे वर्षांहून जुनी आहे. संत एकनाथांनी देहालाच परगणा कल्पून दरबारी फारसी मिसळलेल्या मराठीत अर्जदस्त लिहिला. ताकीदपत्र, अभयपत्र यांचेही साचे वापरले. त्यांना कारभाराची भाषा आतून माहीत होती, म्हणून ते विडंबन पोकळ झालं नाही. आजच्या मुलांनीही आधी खरी नोटीस शब्दन् शब्द वाचावी. मग 'परीक्षा वेळेवर न झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल' अशी उलटी नोटीस लोकसेवा आयोगाला लिहिता येते. फक्त राजमुद्रा, गोल शिक्का, खरा जावक क्रमांक, कुणाची सही यांतलं काहीही वापरू नये. राजमुद्रेच्या वापराला २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. 'विडंबन' हा शब्द मजकुराच्या मधोमध, तिरपा आणि मोठा टाकावा. वर किंवा खाली टाकला तर व्हॉट्सॲपवर कुणीतरी तो कापतो आणि चांगली थट्टा संध्याकाळपर्यंत अफवा होते.

आता छपाई. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कला विद्यालयाचा ताबा घेतलेल्या विद्यार्थ्यांनी सुरुवात शिळाप्रेसवर केली. तो वेग फारच कमी पडला, आणि रेशमी जाळीची छपाई हाताशी आल्यावर भिंती भरल्या. हेल्मेट घातलेला, ढाल आणि उगारलेला दंडुका घेतलेला पोलीस एका रंगात, जाड कडांचा: तेव्हाच्या त्यांच्या सगळ्यात ओळखीच्या भित्तिपत्रकांपैकी ते एक. ते सुंदर आहे त्याचं एक कारण तंत्रात आहे. जाळीला बारीक रेघ सोसत नाही, म्हणून चित्रकाराला निर्णय घ्यावे लागतात.

सोलापुरात स्क्रीन प्रिंटिंग पिशव्यांवर, लेबलांवर, लग्नपत्रिकांवर रोज चालतं, त्यामुळे सामान मिळायला अडचण नाही. ए-थ्री कागदाला १८ बाय २४ इंचांची फ्रेम घ्यावी. कडेला तीनेक इंच मोकळी राहिली तरच स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, सरळ ओढता येतो. जाळी कागदाला ९० ते १२०, कापडाला ४३ ते ५५, म्हणजे एका सेंटीमीटरला तितके धागे. धागे मोजण्यात आयुष्य गेलेल्या गावाला हे समजावून सांगायला नको. चित्रातली कुठलीही रेघ दीड मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये. टॉवेल टॉवेलसारखा दिसतो तो धाग्याच्या उभ्या फाशांमुळे, आणि मोह होतो ते बारीक टिंबांनी दाखवायचा. अर्ध्या मिलिमीटरची टिंबं पन्नासाव्या कागदापर्यंत बुजतात. म्हणून मोठे गोल, विरळ, आणि फक्त सावलीच्या बाजूला. अक्षरांत 'ष्ट', 'द्ध', 'क्ष' यांची पोटं आधी भरतात. ती उघडी करून काढावीत. 'सौम्य' मधला म जिथे य ला जोडतो तो कोपराही तसाच, तिथली फट मुद्दाम वाढवावी. फलक तीस फुटांवरून वाचायचा असेल तर अक्षराचं अंग तीन इंच हवं, मात्रा आणि उकार सोडून. त्यांच्यासाठी ओळीची उंची दीडपट धरावी. सहा-सात शब्दांच्या वर कुणी वाचत नाही.

जाळीवर इमल्शनचा लेप देतात. उजेड लागतो तिथे तो कडक होतो, चित्राने झाकलेला भाग पाण्याने धुतला जातो आणि तिथून शाई उतरते. इमल्शनमध्ये संवेदक, म्हणजे उजेडाला ते कडक करणारं रसायन, साधारण दहास एक मिसळतात. डब्यावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळावं. संवेदकातलं डायक्रोमेट विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि धुतलेलं पाणी गटारात ओतू नये. पिवळ्या उजेडात दोन्ही बाजूंनी एकेक पातळ थर, आडवं ठेवून वाळवणं. इथेच सोलापूरचं ऊन आडवं येतं. मार्च संपला की पारा चाळिशीच्या वर जातो, आणि असा लेप दिलेली जाळी गरम खोलीत अंधारातही आपोआप कडक होत जाते. रात्री लेप देऊन दुपारी उन्हात धरली तर अक्षरं धुतलीच जात नाहीत, आणि माणूस पाण्याचा जोर वाढवत बसतो. लेप पहाटे द्यावा आणि वाळल्या वाळल्या वापरावा. उन्हात किती वेळ हे आधी पट्टीवर पाहावं: एका तुकड्यावर चित्राची पट्टी ठेवून, तीस-तीस सेकंदांनी पुठ्ठा सरकवत पाच पायऱ्या. ज्या पायरीला कडा स्वच्छ आणि पृष्ठभाग चिकट नाही, ती आपली वेळ. वरची काच चित्राला घट्ट बसली नाही तर उजेड आत शिरतो आणि टॉवेलच्या दशा एकमेकींत मिसळतात.

छापताना जाळी कागदापासून दोन-तीन मिलिमीटर उचललेली, स्क्वीजी पन्नास-साठ अंशांत, एकाच दमात ओढलेला. ओढून झाल्यावर लगेच शाईचा हलका थर उलटा फिरवून ठेवायचा, म्हणजे पुढचा कागद लावेपर्यंत जाळी ओली राहते. इथल्या कोरड्या हवेत हा थर विसरला तर दहा कागदांत जाळी बंद. पाण्याच्या शाईत ती लवकर वाळू न देणारा रिटार्डर थोडा घालावा, पंखा छपाईच्या टेबलावर नको, वाळत घातलेल्या कागदांवर सोडावा. शंभर ए-थ्री कागदांना एका रंगात पाव ते अर्धा लिटर शाई पुष्कळ झाली. जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ फुकट मिळते, पण तिच्यावर पाण्याची शाई धरत नाही. तिथे पीव्हीसी शाईच हवी.

एवढं करून चित्रात माणसाचं पोट वाईट दिसत असेल तर सगळी मेहनत फुकट. हवालदाराच्या ढेरीवरचा विनोद आळशी आहे. बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई सकाळपासून उन्हात असतो, जेवणाची वेळ त्याच्या हातात नसते. हुकूम देणारा त्या चित्रात कुठेच नसतो. त्याहून मोठी गोष्ट अशी, की दोघं एकाच घरातले असू शकतात. सोलापुरात मैदानांवर पहाटे पोरं पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावतात, गोळा फेकतात, आणि दिवसा अभ्यासिकेत बसतात. मार्च २०२१ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर उतरलेल्या मुलांत उद्याचे फौजदार होते. त्यांना अडवणाऱ्यांतले काही आयोगाच्याच परीक्षांतून आले होते किंवा तिथे पोचायचं स्वप्न बाळगून होते. या नात्यावर एक चित्र काढायचं राहिलं आहे: बॅरिकेडच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला शिपाई, दोघांच्या मागच्या खिशात तेच चालू घडामोडींचं पुस्तक.

व्रोत्सवाफमध्ये, पोलंडात, १९८० च्या दशकात हे फार प्रेमाने केलं गेलं. भिंतीवरच्या घोषणा सरकारी माणसं रंगाने पुसत. त्या पुसलेल्या डागांवर 'ऑरेंज अल्टरनेटिव्ह' या विडंबन करणाऱ्या चळवळीची मुलं लहानसा बुटका काढत. १ जून १९८८ ला लाल टोप्या घातलेले हजारो 'बुटके' रस्त्यावर आले. त्यांना पकडायचं तर पोलिसाला विचारावं लागे, की बुटक्यांच्या बेकायदा सभेत का सामील झालास. त्यांनी पोलिसाला दुखावलं नाही, त्याच्या हातात फक्त एक अशक्य वाक्य दिलं.

टोपीची धास्ती सोलापूरलाही नवी नाही. मे १९३० मध्ये इथे लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा गांधी टोपी घालण्यावरही बंदी आली होती. त्या दिवसांची किंमत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर जाऊन मोजली. त्यांच्या नावाच्या चौकात थट्टेचा फलक धरताना आवाज खाली घ्यावा, आणि पुतळ्यांना फलक टेकवू नयेत.

ताब्यात घेतलंच तर बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली नेतात आणि संध्याकाळी कलम ६९ खाली सोडतात. गाडीत बसताना फलक मागे राहतात, म्हणून प्रत्येक चित्राच्या दोन प्रती आधीच घरी ठेवाव्यात. सपाट, मध्ये कोरा कागद घालून, गुंडाळी न करता. गुंडाळलेल्या कागदाची शाई घडीवर तडकते. पाठीमागे मऊ पेन्सिलीने तारीख, जागा, मागणी काय होती आणि किती प्रती छापल्या एवढं लिहावं. चित्रकाराचं नाव घालायचं की नाही हे त्याला विचारावं. आणि जाळी त्याच रात्री धुवावी, कारण सकाळपर्यंत इथल्या हवेत शाई दगड होते.